मामांच्या हाताला बसेल असा कंट्रोलर

शिवानीनं पुण्याहून पाठवलेल्या खोक्यातून इंजिन निघालं, निळे डबे निघाले, रुळांचे वाकडे-सरळ तुकडे निघाले, एक छोटा प्लॅटफॉर्म निघाला आणि त्या प्लॅटफॉर्मवर उभा करायला नखाएवढा एक हमालसुद्धा निघाला. गाडी चालवायचं यंत्र तेवढं निघालं नाही. मी खोकं उलटं करून बुडावर थापा मारल्या. थर्माकोलचे दाणे पडले. ते पुढं कितीतरी दिवस माझ्या बायकोच्या, दामिनीच्या, झाडूला सापडत राहिले आणि ते सापडले की मला हाक येई.

मी शिवानीला फोन लावला.

"पप्पा, कंट्रोलर वेगळा घ्यावा लागतो," ती म्हणाली. "साधासा घ्या कुठलाही. हातात धरायचा."

'साधासा घ्या कुठलाही' असं मुलं किती सहज बोलून जातात! माझा अख्खा हिवाळा त्यात गेला.

ही गाडी माझ्यासाठी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, कारण लातुरात काही लोकांचा अजून तसा समज आहे. गाडी होती माझ्या सासऱ्यांसाठी, वीरण्णामामांसाठी. मामा रेल्वेत इंजिन चालवायचे. नोकरी नांदेडला, घरही तिथंच. मागच्या उन्हाळ्यात त्यांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला, तेव्हा मामा आणि मामींना आम्ही लातूरला आमच्याकडं आणलं. हातात पुढं थोडी जान आली, पण मामांनीच तो हलवायचं सोडून दिलं. शाल पांघरायची आणि हात शालीच्या आत ठेवून खिडकीशी बसायचं. बोलणंही सोडलं. जीभ जराशी अडखळायची, आणि ज्या माणसानं जन्मभर धडधडत बोलून काढलं त्याला अडखळणं सोसेना. डॉक्टर म्हणाले, "बोटांना काहीतरी काम द्या आणि यांना बोलतं ठेवा. बसून राहिले तर आहे तेही जाईल." शिवानीनं ते मनावर घेतलं आणि आजोबांना गाडी पाठवली.

आता माझं. मी शिवकुमार हलकुडे, एसटीचा वाहतूक नियंत्रक, मागच्या वर्षी निवृत्त. वाहतूक नियंत्रक हे कागदावर. स्टँडवर सगळे कंट्रोलरच म्हणायचे. मी कंट्रोलर शोधतोय ही बातमी गल्लीत गेली तेव्हा प्रत्येकाला एकच विनोद सुचला, आणि प्रत्येकानं तो मला घरी येऊन स्वतंत्रपणे ऐकवला. मी प्रत्येक वेळी हसलो. निवृत्त माणसाला शेजार सांभाळावा लागतो.

पहिले आले रामलिंग बिरादार. भिंतीला भिंत लागून घर, वीज खात्यातून निवृत्त. खातं सुटलं, पण शर्टाच्या खिशातला टेस्टर सुटला नाही. लग्नातसुद्धा तो अत्तराच्या फायासारखा दिसत असतो.

"हलकुडे, कंट्रोलर म्हंजे काय हाय? कमी-जास्त करायचं बटन. पंख्याला असतंय का न्हाई? मग! दुकानात कशाला जाता?"

त्यांनी हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर भिंतीतून काढला आणि घरातल्या एका जुन्या अडॅप्टरच्या वायरीत बसवला. डायनिंग टेबलावर आम्ही रूळ गोल जोडले होते. टेबलाच्या टोकाला मामी परात घेऊन शेंगा सोलत बसल्या होत्या. मामांची खुर्ची खिडकीकडून टेबलाकडं वळवून ठेवली होती.

रामलिंगांनी बटण एकवर आणलं. गाडी हलली नाही. दोनवर अडॅप्टर गुणगुणला. तीनवर गुणगुण वाढली. "येतंय, येतंय," असं म्हणत त्यांनी आणखी जरासं पिळलं आणि गाडी जी सुटली ती पहिल्याच वळणावर रूळ सोडून, हमालाला आडवा करून, सरळ मामींच्या परातीत. शेंगा उडाल्या. अडॅप्टरमधून धूर आला. मग घरातली सगळी वीज गेली.

मामींनी शेंगांतून इंजिन उचललं, पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "स्टेशन न घेताच आली की, जावईबापू."

मी मामांकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"अडॅप्टर हलका हाय तुमचा," रामलिंग म्हणाले. रेग्युलेटर त्यांनी परत भिंतीत बसवून दिला, पण त्या दिवसापासून आमच्या पंख्याला एकच वेग उरला. ऐन थंडीत तो एकतर बंद असे किंवा वादळासारखा फिरे. कुणी विचारलं तर मी डास फार झालेत असं सांगायचो.

मग आले तय्यबभाई. गंजगोलाईत त्यांचं मोबाइलचं दुकान आहे. स्वभाव इतका गोड की आपण काच बदलायला जावं आणि नवा फोन घेऊन यावं.

"हलकुडेसाब, जमाना कुठं गेला अन् तुम्ही पंख्याचं बटन फिरवून राहिले! मोबाइलवर चालते आता गाडी. हाव, मी लावून देतो."

आणि त्यांनी खरंच लावून दिली. नवा अडॅप्टर आणला, रुळांना एक चपटी डबी जोडली आणि माझ्या फोनवर एक चित्र आलं. बोट वर सरकवलं की गाडी पळे, खाली घेतलं की थांबे. मी दोन-चार फेऱ्या मारल्या. दामिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत उभी राहिली. लग्नानंतर तिनं माझ्याकडं इतक्या कौतुकानं फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून मी आणखी एक फेरी मारली.

मग फोन मामांच्या मांडीवर ठेवला. बऱ्याच मिनतवाऱ्यांनी त्यांनी शालीतून हात काढला आणि अंगठा काचेवर टेकवला. गाडी हलेना. पुन्हा टेकवला, तरी हलेना. जन्मभर लोखंडाच्या दांड्या धरलेला अंगठा. त्यावर रेषाच उरल्या नव्हत्या, वर कोरडा ठणठणीत. फोन त्याला माणसाचा अंगठा मानायलाच तयार नव्हता.

"मामू, जरा जिभेला लावून ओला करा," तय्यबभाई म्हणाले.

मामांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की तय्यबभाईंनी स्वतःचाच अंगठा ओला करून गाडी सुरू करून दिली. गाडी पळायला लागली आणि तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावरचं गाडीचं चित्र गेलं आणि कुठल्याशा बँकेचा नंबर आला. तय्यबभाई तो बंद करायला गेले आणि त्यांच्या ओल्या अंगठ्यानं तो उचलला गेला. मामांनी सरळ डाव्या हातानं फोन कानाला लावला. पलीकडून कुणी मुलगी त्यांना घरासाठी कर्ज देऊ करत होती. मामा काही बोलेनात, त्यामुळं तिला आशा वाटली असावी. ती बोलतच राहिली. इकडं गाडी थांबवायचं साधन मामांच्या कानाला, आणि गाडी गरागरा फिरते आहे. मी हातानं धरायला गेलो तर टेबल हललं, रुळाचा सांधा सुटला आणि प्लॅटफॉर्म खाली पडला.

मामांनी फोन टेबलावर ठेवला, हात शालीत घेतला आणि खुर्ची फिरवायची खूण केली. मी ती परत खिडकीकडं वळवली. संध्याकाळचा चहाही त्यांनी तसाच ठेवला.

त्या रात्री दामिनी मला म्हणाली, "अहो, अप्पांना वाटतं आपण त्यांना खेळवून राहिलो. नको ते. खोकं बांधून ठेवा."

मला ते लागलं. एवढं मोठं स्टँड मी सांभाळलं. दिवाळीच्या गर्दीत धर्माबादच्या माणसाला धर्माबादच्याच गाडीत बसवलं, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला टेबलावरची एक गाडी चालवून देता येत नाही? मी ठरवलं, आता कुणाचं ऐकायचं नाही. शहाण्या माणसासारखं चार ठिकाणी वाचायचं आणि मग मागवायचा.

इंटरनेटवर वाचत बसलो तर कळलं की जगात कितीतरी वयस्क माणसं याच विवंचनेत आहेत. एकाला फिरवायचं बटण हवं, दुसऱ्याला दाबायचं. त्यावरून ते एकमेकांना अशी उत्तरं देत होते की आमच्या गल्लीतल्या नळाच्या भांडणाला ती शोभावीत. शेवटी एका गृहस्थानं लिहिलेलं वाचलं: 'अत्यंत सोपा. माझी आईसुद्धा चालवते.' मला भरून आलं. मी तोच मागवला. परदेशातून येणार होता.

आला, पण लातूरला नाही. नांदेडच्या एका कुरिअर कचेरीतून फोन आला, पार्सल अडकलंय, स्वतः या. मी सकाळच्या एसटीनं नांदेड गाठलं.

कचेरीत सटवाजी नावाचे साहेब होते. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता, आणि आपण काळजीपूर्वक वागतो असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं.

"हे मशीन रेल्वे कंट्रोल करायचं हाय," ते म्हणाले. "तुम्ही रेल्वेत हाव का?"

"नाही. एसटीत होतो."

त्यांनी मान हलवली, म्हणजे प्रकरण त्यांना वाटलं होतं त्याहून गंभीर निघालं. "एसटीच्या मानसाला रेल्वे कशाला कंट्रोल करायची?"

"खेळण्यातली रेल्वे आहे हो."

"तसं कुठं लिहिलंय? ट्रेन कंट्रोलर लिहिलंय. उद्या मला कुणी विचारलं तर? रेल्वेचं ना-हरकत आणून द्या, लगेच सोडतो."

मी स्टेशनवर गेलो. चौकशीच्या खिडकीत गर्दी होती. माझा नंबर लागला तेव्हा आतून विचारलं, "गाडी नंबर?"

"नंबर नाही तिला."

"कुठून कुठं जाते?"

आता मी तरी काय सांगणार? "डायनिंग टेबलावरून निघते आणि तिथंच येते," मी म्हणालो.

आतला माणूस माझ्याकडं थोडा वेळ बघत राहिला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. खिडकीत अशी माणसं येतात आणि त्यांच्याशी शांतपणे वागावं लागतं, हे मला माहीत आहे. "काका, सावलीत बसा जरा," तो म्हणाला. "सोबत कुणी हाय का?"

मी परत सटवाजींकडं आलो आणि फोनवरची चित्रफीत दाखवली. रामलिंगांच्या प्रयोगाच्या वेळी दामिनीनं ती काढून ठेवली होती. गाडी शेंगांच्या परातीत शिरलेली पाहून सटवाजी एवढे हसले की त्यांनी आतल्या सगळ्यांना बोलावलं आणि ती पुन्हा लावायला सांगितली. मग डोळे पुसत म्हणाले, "हाव, खेळनंच हाय. तेवढं लिहून द्या. खेळनं हाय, अन् स्वतः खेळायला मागवलंय."

"स्वतः नाही. सासऱ्यांसाठी."

"पार्सल तुमच्या नावानं हाय नं? मग खेळनार तुम्हीच."

मी लिहून दिलं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं: "मी, शिवकुमार हलकुडे, सदर खेळणे स्वतः खेळण्यासाठी मागवले आहे." मागच्या रांगेतून आवाज आला, "आरं, हलकुडे सायेब? लातूर स्टँडवरचे?" मुखेडचा एक प्रवासी होता. एकदा मी त्याला छतावर बोकड चढवू दिला नव्हता. त्यानं नमस्कार केला, पण तो नमस्कार पूर्वीचा नव्हता.

पार्सल घेऊन मी बाहेर एका कट्ट्यावर बसलो आणि तिथंच फोडलं. विटेएवढा डबा, त्यावर छोटा पडदा आणि पडद्याखाली बटणंच बटणं. सोबतचं पुस्तक मला न येणाऱ्या बऱ्याच भाषांत होतं. त्या गृहस्थाची आई काय शिकलेली असेल, देव जाणे. मी शिवानीला फोटो पाठवला.

लगेच फोन आला. "पप्पा, हा डिजिटल आहे. याला इंजिनात चिप लागते. आपल्या गाडीला नाही चालणार. मी साधासा म्हटलं होतं ना?"

मी काही बोललो नाही. मामा का बोलत नाहीत, हे मला त्या कट्ट्यावर बसून पुष्कळ समजलं.

रिकाम्या हातानं परत जायचं जिवावर आलं होतं. समोर विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांची गर्दी असलेलं एक इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान दिसलं. गल्ल्यावर मनतशा नावाची मुलगी होती. नाव तिच्या गळ्यातल्या पट्टीवर होतं. मी तिला म्हणालो, छोटी मोटार कमी-जास्त वेगानं फिरवायची आहे आणि उलटीही फिरली पाहिजे.

"प्रोजेक्ट," ती म्हणाली आणि कप्पे उघडायला लागली. "मुलगा कुठल्या वर्षाला आहे?"

"मुलगा नाही. सासरे आहेत."

तिनं वळून पाहिलं. "डायरेक्ट सेकंड इयर?"

काड्यापेटीएवढी पट्टी, तिला एक फिरवायचं बटण आणि एक पुढं-मागं करायची खुंटी, एवढंच तिनं दिलं. सगळी पोरं हेच नेतात म्हणाली. मी विटेएवढा डबा पिशवीत खाली आणि ती पट्टी वरच्या खिशात ठेवून लातूरची गाडी पकडली.

पट्टीला घर हवं होतं. मामींची प्रवासातली गुलाबी साबणदाणी नेमकी तेवढी निघाली. रामलिंगांनी तिला भोकं पाडली. पंख्याच्या प्रकरणानंतर ते जरा दबूनच वागत होते, म्हणून त्यांनी स्वतःच्या जुन्या रेडिओचं मोठं, कंगोऱ्याचं बटण उपटून आणलं आणि त्यावर बसवलं. डबी हातात धरली की चंदनाचा वास यायचा. बटण जरासं फिरवलं आणि इंजिन इतकं हळू निघालं की आम्ही दोघं खाली वाकून चाकं बघत राहिलो.

मामांना टेबलाशी आणलं. डाव्या हातात डबी दिली. त्यांनी ती पालथी करून पाहिली, सरळ केली. मग उजवा हात शालीतून बाहेर आला. बोटं बटणापर्यंत पोचली, कंगोऱ्यांवर टेकली, आणि निसटली. पुन्हा धरलं. गाडी एक हिसका देऊन थांबली. तिसऱ्यांदा धरताना हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी डबी टेबलावर ठेवली.

"नको," ते म्हणाले.

रामलिंग "दूध आणायचंय" असं काहीतरी पुटपुटत निघून गेले. दामिनी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागोमाग गेलो. तिची पाठ हलत होती. मी पाणी प्यालो, मग आणखी एक पेला भरून प्यालो.

आणि हॉलमधून गाडीचा आवाज आला. तो वाढत गेला. आणि मग:

"अगं... अगं, वळण! वळण हाय पुढं! कमी कर!"

आम्ही दोघं दाराशी धावलो. गुलाबी डबी मामींच्या हातात होती. शेंगांची परात बाजूला सारून त्या पदर खोचून बसल्या होत्या आणि त्यांनी बटण पिळून ठेवलं होतं. गाडी टेबलावर भणभणत होती.

"कळतंय मला," मामी म्हणाल्या.

"काय कळतंय? ड... डबे पडतील! वळणावर एवढा स्पीड असतोय का?"

"जन्मभर तुमचा डबा बांधून दिला. एकदा तरी इंजिनात बसवलं का?"

"तिथं ब... बायकांना... कायदा न्हाई तसा."

"हितं कुठला कायदा? बसले मी." आणि मामींनी बटण आणखी पिळलं. मामा काहीतरी ओरडायला लागले तशा त्या, रागावल्या की जातात तशा, कानडीत गेल्या. "सुम्न कूडरी!" म्हणजे गप बसा.

गप बसतील ते मामा कसले! ते टेबलावर झुकले, शाल खांद्यावरून घसरली आणि त्यांच्या उजव्या हातानं मामींच्या बोटांवरून बटण धरलं. धरलं आणि फिरवलं. गाडी हळू झाली, वळण घेतलं, सरळ आली आणि प्लॅटफॉर्मच्या थोडी पुढं जाऊन थांबली.

"डबा पुढं गेला," मामा धापा टाकत म्हणाले. "अर्धी मानसं मातीत उतरली. बघ."

"तुमच्यानं गेला. मी बरूबर थांबवत होते. सोडा हात."

त्यांनी हात सोडला नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात दामिनीनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की त्याचा डाग चार दिवस राहिला. आम्ही दारातच उभे राहिलो. गाडी पुन्हा निघाली, मागे घेतली, पुन्हा लागली. प्रत्येक वेळी मामांचं म्हणणं डबा पुढं गेला, आणि मामींचं म्हणणं तुमच्यामुळं गेला. ते अडखळत होते, पण अडखळायला थांबायची सवड त्यांना मामी देत नव्हत्या.

जरा वेळानं मी धीर करून टेबलाशी गेलो. म्हटलं, "मामा, मी एकदा फिरवून बघू?"

मामांनी मान वर केली. झटक्यानंतर पहिल्यांदा ते माझ्याशी 'नको'च्या पलीकडं काही बोलले.

"तुम्ही एसटीवाले," ते म्हणाले. "फाटकापाशी थांबा."

पुढच्या महिन्यात मामांना डॉक्टरांकडं नेलं. मामीही आल्या, दामिनीही आली. डॉक्टरांनी मामांची मूठ उघडून-मिटून पाहिली, नाव-गाव विचारलं. मामांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि डॉक्टरांच्या पंख्याचा आवाज बरोबर नाही हेही सांगितलं. मामी म्हणाल्या, पंखा ठीक हाय. मामा म्हणाले, तुला काय कळतंय. डॉक्टर हातातलं पेन थांबवून दोघांकडं बघत राहिले.

"फारच चांगली सुधारणा आहे," ते शेवटी मला म्हणाले. "व्यायाम कुठला देताय?"

माझ्या डोळ्यासमोरून सगळा हिवाळा गेला. सांगायला सुरुवात कुठून करावी याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात दामिनीनं सांगून टाकलं, "भांडून राहिलेत दोघं. रोज संध्याकाळी."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: हेच चालू ठेवणे.